पद्मिनीचं हेड पॅकिंग : कामाच्या नोंदी, जून ते डिसेंबर २०२४

१६ जून २०२४

सकाळी रेडिएटरची कॅप काढली तर पाणी पुन्हा दोन बोटं खाली. गेल्या रविवारीच काठोकाठ भरलं होतं. अंगणातल्या फरशीवर एक थेंब नाही, तापमानाचा काटा मध्याच्या वर जात नाही, तरी पाणी कुठंतरी जातंय. आई म्हणाली, "जुनी झालीय, पिते जरा." गेलं वर्षभर मीही तेच म्हणत तांब्याभर पाणी ओतत आलो. आजपासून तांब्या बंद. ही वही घातली. गाडी किती किलोमीटर चालली आणि मापानं किती मिलिलिटर पाणी टाकलं, ते दर रविवारी लिहायचं.

गाडीची माहिती एकदाच लिहून ठेवतो. प्रीमियर पद्मिनी, १९८८ चं मॉडेल, कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन १०८९ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५. सिलिंडर असलेला ब्लॉक बिडाचा, त्यावर झाकणासारखं बसणारं हेड ॲल्युमिनियमचं, दोघांच्या मध्ये दाबून बसवलेलं पातळ हेड पॅकिंग. आबांनी १९९६ मध्ये सेकंडहँड घेतली. मी गाडी शिकलो ती हिच्यावरच, स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांडीसकट.

२३ जून

९८ कि.मी., ३०० मि.ली.

रात्री गाडीखाली वर्तमानपत्रं अंथरली होती. सकाळी कोरडी. वरचा-खालचा होज पाइप, क्लिपा, पंपाखालचं भोक, रेडिएटरची तळाची डाकणी, सगळीकडं बोट फिरवून पाहिलं. पंपाच्या भोकाशी पांढरा ओघळ आहे, पण जुना, वाळलेला.

ऑइल भरायच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसला आणि पोटात गोळा आला. मिस्त्रींना फोन केला. ते आबांचे जुने दोस्त, आता गॅरेज मुलाकडं दिलंय. म्हणाले, "ऑइलमध्ये पाणी उतरलं असंल तर दांडीवर बघ, झाकणावर न्हाई." ऑइलची पातळी बघायची दांडी स्वच्छ निघाली. दुपारी हायवेला चाळीस किलोमीटर सलग चालवली, आल्यावर झाकण पाहिलं, साय गायब. पावसाळ्यात घर ते मंडई एवढंच चालवलं की इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाखाली गार होऊन तिथंच बसते. हे लिहून ठेवतोय कारण केवळ त्या थरावरून हेड उघडणारे लोक मी पाहिलेत.

३० जून

११४ कि.मी., ३५० मि.ली. म्हणजे दोन आठवड्यांत २१२ किलोमीटरला ६५० मि.ली. किलोमीटरमागं तीन मिलिलिटर. एका किलोमीटरला हे काहीच नाही. पण गोव्याला जाऊन यायचं म्हटलं तर वाटेत दीड लिटर लागेल, आणि रेडिएटर अर्धा झाला की हेड गरम व्हायला एक घाट पुरतो.

आज एक गोष्ट केली. रेडिएटरच्या तोंडाशी जी ओव्हरफ्लोची बारीक नळी खाली सोडलेली असते, तिच्या टोकाला रिकामी पाण्याची बाटली तारेनं बांधली. जाणारं पाणी या वाटेनं जात असेल तर बाटलीत सापडेल.

७ जुलै

१०५ कि.मी., ३२० मि.ली. बाटलीत २१०.

हा आकडा लिहिताना हात जरा थांबला. पाणी बाहेर फेकलं जातंय, म्हणजे आत दाब तयार होतोय. काटा मध्यावर असताना उकळून हा दाब येणार नाही. आणि उरलेलं ११० मि.ली. बाटलीत नाही, जमिनीवर नाही, ऑइलमध्ये नाही. ते जळून सायलेन्सरवाटे जातंय.

प्लग काढले. एक, दोन, चार तपकिरी, विटकरीकडं झुकणारे, असायला हवेत तसे. तीन नंबरचा मात्र धुऊन ठेवल्यासारखा. चिनीमातीचा भाग पांढराशुभ्र, कडेला काजळीचा मागमूस नाही. वाफेनं धुतला गेलाय तो. चारही प्लग ओळीनं कट्ट्यावर ठेवले, मुलीनं पाहिलं आणि विचारलं, "बाबा, हा एकच नवीन आहे का?" नवीन नाही, चारही एकाच दिवशी बसवलेले.

१४ जुलै

रात्रभर गार झालेल्या इंजिनवर चाचणी. फॅनबेल्ट काढला, म्हणजे पंप फिरून पाणी घुसळणार नाही आणि दिसतील ते बुडबुडे खरे असतील. कॅप काढून रेडिएटर काठापर्यंत भरला, मुलीला टॉर्च धरायला सांगितलं, गाडी सुरू केली. पहिले दहाएक सेकंद काही नाही. मग तोंडाशी एक बुडबुडा, लहान, मोहरीएवढा. मग लागोपाठ. रेस केली की वाढायचे, सोडली की कमी. मिनिटभरात बंद केली, बेल्टशिवाय त्याहून जास्त चालवायची नसते. एवढ्या वेळात पाणी उकळणं शक्यच नाही. म्हणजे सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. हेड पॅकिंग गेलंय, किंवा पॅकिंग ज्यावर बसतं ती जागा.

आबा पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, "हळद टाक दोन चमचे. करूळच्या घाटात मी टाकली होती, घरापर्यंत आलो."

ती गोष्ट खरी आहे. २००३ मध्ये वैभववाडीहून वर चढताना रेडिएटरला बारीक भोक पडलं होतं, गगनबावड्याच्या अलीकडं आबांनी टपरीवरून हळदीची पुडी आणून ओतली आणि गाडी घरी आली. वाटेत अडकलेल्या माणसाला तो उपाय आहेच. पूड पाण्याबरोबर भोकापर्यंत जाते, फुगते आणि तिथंच बसते. पण रेडिएटरची कॅप सातेक पीएसआय (दाबाचं माप) झाले की उघडते. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं तेव्हाचा दाब काही शे पीएसआय असतो. तिथं हळद काय, बाजारात मिळणारी लीक बंद करायची बाटलीही टिकत नाही, आणि तो गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो तो वेगळाच. आबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग उघड." एवढंच. त्यांची गाडी आहे, त्यांनी उघड म्हटलं याचा मला फार आधार वाटला.

२६ जुलै

काम बंद. कोल्हापुरात पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. आमच्याकडं पाणी येत नाही, पण चुलत्यांच्या गल्लीत येतं. त्यांचं सामान आणायला दोन खेपा केल्या, दुसरी गाडी नव्हती. दर खेपेआधी पाणी भरलं, सोबत पाच लिटरचा कॅन ठेवला. गरम इंजिनाच्या कॅपला हात लावायचा नाही हे चुलतभावाला दोनदा बजावलं.

११ ऑगस्ट

कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजलं. गाडी गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. पीएसआयमध्ये : १२०, ११८, १०४, १२१. तीन नंबरच कमी. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं तर १०६. रिंगा घासल्या असत्या तर ऑइलनं आकडा चांगला वर गेला असता. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असते तर पॅकिंग त्या दोघांच्या मधल्या पट्टीवर उडालं असं म्हटलं असतं. इथं एकटा तीन पडलाय, म्हणजे वाट तीन नंबरमधून पाण्याकडंच.

१८ ऑगस्ट

खात्रीसाठी हवेची चाचणी. जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढली, राहिलेल्या लोखंडी अंगाला ट्यूबचा व्हॉल्व ब्रेझिंगनं जोडून घेतला. उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, असलं काम पोरं बोलता बोलता करून देतात. तीन नंबरचा पिस्टन वर आणला, दोन्ही व्हॉल्व बंद, टॉप गिअर, हँडब्रेक, चाकांना दगड. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी लावली. रेडिएटरमध्ये लगेच बुडबुड. कार्ब्युरेटरमधून हवा येत नाही, सायलेन्सरमधून नाही, ऑइलच्या तोंडातून फुसफुस आहे तीही थोडीच. बाकी तीन सिलिंडरना तेच केलं, पाणी शांत.

आता शंका उरली नाही.

१ सप्टेंबर

पॅकिंग सेट पुण्यात नाना पेठेत मिळाला. मामेभावानं तीन दुकानं पालथी घातली. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या. इतकी वर्षं स्पेअर पार्टचा बाजार त्या टॅक्सींनीच जिवंत ठेवला होता. दुकानदार म्हणाला, आहे तो माल आहे. मी दोन सेट घेतले.

गणपती होईपर्यंत गाडी उघडत नाही.

२२ सप्टेंबर

हेड उघडलं. सकाळी सातला सुरुवात, कारण इंजिन पूर्ण गार हवं. ॲल्युमिनियमचं हेड कोमट असताना बोल्ट सैल केले तर ते पिळतं. मिस्त्री स्वतः आले, स्टूल घेऊन बसले, कामाला हात लावला नाही, नुसतं सांगत राहिले. पाणी सोडलं, बॅटरी काढली, कार्ब्युरेटर, सायलेन्सरचा फ्लँज, व्हॉल्व कव्हर, रॉकर. पुशरॉड काढून पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात क्रमानं खोचले, ज्याचा जो होता त्यालाच परत बसला पाहिजे. बोल्ट बाहेरून मध्याकडं, प्रत्येक फेरीत थोडे थोडे. दोन बोल्ट नुसत्या मनगटानं सुटले. तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा "हं" म्हणाले.

हेड चिकटलेलं होतं. पटाशी घालायची नाही, लाकडी ठोकळा ठेवून कडेनं हातोडी मारायची. चार-पाच ठोक्यांत सुटलं. आम्ही दोघांनी उचललं आणि जुन्या सतरंजीवर उलटं ठेवलं.

तीन नंबरच्या बोअरची गोल कडा आणि शेजारचं पाण्याचं भोक यांच्यामध्ये पॅकिंगवर काजळीची एक काळी रेघ होती, काडीएवढी रुंद. बाकीचं पॅकिंग तांबूस, दाबलेलं, ठीक. फक्त ती रेघ. सहा महिने, वर्ष, किती दिवस गॅस त्या वाटेनं जात होता कोण जाणे. हेड बघितलं तर खरं कारण पॅकिंगमध्ये नव्हतंच. पाण्याच्या भोकाची कड झिजून आत सरकली होती, ओल लागून पोपडे गेलेल्या भिंतीसारखी. नखानं खरवडलं तर राखेसारखी पूड निघाली. पॅकिंगला टेकायला जिथं चांगली बोटभर जागा हवी, तिथं काडीभरच उरलेली.

मिस्त्रींनी भोकात बोट घालून गाळ काढला, तळव्यावर चोळला. पिवळट तपकिरी. "आबाची हळद," म्हणाले. वीस वर्षांनंतरही ती हळदच असेल असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण त्या गाळात क्षार होते हे नक्की, चुन्यासारखे खडे. आम्ही इतकी वर्षं बोअरवेलचं पाणी ओतत आलो. आमच्या बोअरच्या पाण्यानं हंड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, ते आम्हाला दिसत होतं. तेच पाणी ॲल्युमिनियममध्ये फिरतंय हे मनात आलं नाही. कूलंट हे थंडीच्या मुलखातलं काम, इथं कशाला, अशी समजूत. कूलंटमधली गंजरोधक रसायनं धातू वाचवतात, त्याचा थंडीशी संबंध नाही.

आणखी एक. पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना गम फासलेला होता. २००९ मध्ये एका गॅरेजमध्ये हेडचं काम झालं होतं, कुठल्या ते लिहीत नाही. त्या वेळी हेड फेसिंगला (यंत्रावर घासून सपाट करायला) न देता गमवर भागवलेलं दिसतंय. थर्मोस्टॅटही (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकलेला.

जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. म्हणून उरलेले तुकडे पाण्यानं भिजवून प्लास्टिकच्या पट्टीनं काढले, कोरडा तारेचा ब्रश मारला नाही. पिशवीत बांधून ठेवलेत. मिस्त्रींना ही काळजी जास्तीची वाटली, पण त्यांनी तोंडाला रुमाल बांधला.

२९ सप्टेंबर

उद्यमनगर. सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातलं. दोन आणि तीनच्या मध्ये ०.१५ मि.मी.चं पान सहज जातं. ब्लॉकवर तीच पट्टी ठेवली होती, तिथं ०.०४ सुद्धा कुठं जेमतेम. बीड तसं हलत नाही.

इथं थोडा हिशेब केला, मला स्वतःला समजायला. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या साधारण दुप्पट वाढतं. हेड चाळीसेक सेंटिमीटर लांब, तापमान सत्तर अंशांनी वाढलं तर हेड सुमारे ०.६४ मि.मी. वाढणार, ब्लॉक ०.३१. म्हणजे दर वेळी गाडी गरम-गार होताना पॅकिंग दोघांच्या मध्ये तिसरा हिस्सा मिलिमीटर घासलं जातं. छत्तीस वर्षांत हे किती हजार वेळा झालं असेल. बोल्ट सैल असले तर हे घासणं वाढतं, आणि आपले दोन सैल होतेच.

कारागिराचं म्हणणं, नुसतं फेसिंग करून चालणार नाही. खड्डा खोल आहे, तिथपर्यंत घासलं तर हेड पातळ होईल. आधी आर्गन वेल्डिंगनं कड भरायची, मग फेसिंग. क्रम उलटा नको, वेल्डिंगच्या उष्णतेनं हेड पुन्हा वाकतं.

५ ऑक्टोबर

वेल्डिंग बघायला मुद्दाम थांबलो. कारागिरानं आधी खराब धातू बर्रनं (फिरत्या कानशीनं) खरवडून पांढरा चकचकीत धातू लागेपर्यंत नेला, मग अख्खं हेड शेगडीवर तापवलं. पहिला टाका धरला नाही. धातूत मुरलेलं तेल उकळून वर आलं, काळे फोड आले. त्यानं ते सगळं पुन्हा घासून काढलं, न चिडता. तिसऱ्या वेळी पाणी धरलं. वेल्डिंगवाले वितळलेल्या धातूच्या त्या आरशासारख्या ठिपक्याला "पाणी" म्हणतात. थेंबाला थेंब चिकटवत त्यानं भोकाची कड पुन्हा उभी केली. हेड राखेत पुरून ठेवलं, हळू गार व्हायला.

फेसिंगमध्ये ०.२ मि.मी. गेलं. ६८ मि.मी.च्या वर्तुळावर तेवढ्यानं जास्तीत जास्त पाऊण सीसी जागा कमी होते. एका सिलिंडरच्या २७२ सीसीपुढं त्यानं काही बिघडत नाही. वेल्डिंग, फेसिंग मिळून २,२०० रुपये.

१२ ऑक्टोबर, दसरा

हेड कॉटखाली, गाडी अंगणात उघडी. तरी आईनं बॉनेटला झेंडूचा हार घातला, टॉर्क पान्ह्याला (ठरलेला जोर झाला की क्लिक होणारा पान्हा) हळदकुंकू वाहिलं.

हेड उघडलंच आहे तर व्हॉल्व ग्राइंडिंग पेस्टनं बसवून घेतले. पोर्टमध्ये पेट्रोल ओतून ठेवलं, दहा मिनिटांत कुठं झिरपलं नाही. ब्लॉकची पाण्याची तोटी पूर्ण बुजलेली होती. तार घालून, पाइपनं उलटं पाणी मारून साफ केली, दोन घमेली गाळ निघाला. रेडिएटर डाकणीवाल्याकडून उघडून, सळई घालून घेतला.

२० ऑक्टोबर

जुळणी. बोल्टच्या भोकांत तेल-पाणी राहिलं तर बोल्ट खाली टेकून खोटा टॉर्क दाखवतो, म्हणून प्रत्येक भोक चिंधीनं टिपून हवा मारली. आटे साफ, एक थेंब ऑइल. पॅकिंग कोरडं बसवलं, गम अजिबात नाही. मधल्या बोल्टपासून बाहेरच्या दिशेनं, तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. शेवटच्या फेरीला मिस्त्री म्हणाले, "दे जरा." त्यांनी साध्या पान्ह्यानं एक बोल्ट स्वतःच्या अंदाजानं आवळला. मी टॉर्क पान्हा लावून पाहिला, क्लिक तिथंच झाली. पन्नास वर्षांचा हात आहे तो. मी मात्र पान्ह्यावरच राहिलो, माझ्या हाताला ते कळत नाही.

थर्मोस्टॅट नवा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. घरातल्या नळाचं, बोअरचं काही नाही.

२७ ऑक्टोबर

सुरू केली. आधी प्लग काढून स्टार्टरवर फिरवून ऑइल चढवलं. मग दुसऱ्या झटक्याला पकडली. पहिली पाच मिनिटं सायलेन्सरमधून पांढरी वाफ आली आणि सगळे गप्प झाले. ती आत सांडलेल्या पाण्याची होती, संपली. रेडिएटरच्या तोंडाशी टॉर्च धरून मुलगी वाकून बसलेली. हवेचे दोन-तीन मोठे बुडबुडे निघून गेले, मग पाणी सपाट. थर्मोस्टॅट उघडल्यावर पाण्याला ओढ लागली ती दिसली, बुडबुडा एकही नाही.

गार झाल्यावर कॉम्प्रेशनचं गेज पुन्हा लावायचा मोह झाला, पण ते गरम इंजिनावर घ्यायचं असतं. उद्या.

२८ ऑक्टोबर

१२६, १२५, १२४, १२६.

१० नोव्हेंबर

पाडव्यापासून ४८० कि.मी. पन्हाळा दोनदा. काल आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत गेलो आणि न थांबता परत वर. आबा शेजारी, खिडकीवर कोपर टाकून. चढावर काटा मध्याच्या किंचित वर गेला, वर आल्यावर परत. ओव्हरफ्लोची बाटली अजून बांधलेलीच आहे. कोरडी.

आज पहाटे गार इंजिनावर बोल्ट पुन्हा आवळले. असल्या जुन्या पद्धतीच्या पॅकिंगला हे करावंच लागतं, ते दबून बसतं. दोन बोल्ट पाव फेरीहून थोडे कमी फिरले. हेड खाली बसलं म्हणजे टॅपेटची (व्हॉल्वच्या टोकाशी ठेवायची) फटही बदलली, आठही पुन्हा सेट केल्या.

१ डिसेंबर

एकूण ९१० कि.मी. मापाच्या भांड्यातून टाकलेलं कूलंट : ४० मि.ली., तेही पहिल्या आठवड्यात, हवा निघाली तेव्हाचं. त्यानंतर शून्य.

तीन नंबरचा प्लग तपकिरी व्हायला लागलाय. बाटली सोडली. पुढच्या रविवारी पंपाचं सील बघायचं, तो पांढरा ओघळ जुना असला तरी.